दंतधावन : निसर्ग, मार्दव आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त उंब्रज येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हा मी विश्वस्तांना म्हटले, "मी कापडाचा व्यापारी. शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. धर्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही आणि वैद्यकावर तर मुळीच नाही." त्यावर एक ज्येष्ठ विश्वस्त हसून म्हणाले, "मग अनुभवाचे बोला." आता माझा अनुभव म्हणाल तर तो माझ्या तोंडातच आहे. उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा आज तेथे नाहीत. त्या का गेल्या आणि आमच्या मातोश्रींवर कोणता प्रसंग ओढवला होता, हे मी आज आपणांस मोकळेपणाने सांगणार आहे. त्यातून कोणाच्या घरातील एखादा दात वाचला, एखादी वाईट डबी घराबाहेर गेली, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

प्रथम आमच्या आजोबांविषयी सांगतो. तारळी नदी आपल्या गावाजवळ कृष्णेला मिळते. त्या काठाला माझ्या लहानपणी बाभळी पुष्कळ होत्या. आजोबा सकाळी फिरून येताना बाभळीची करंगळीएवढी काडी आणीत. ओसरीवर बसून तिचे टोक ते इतका वेळ चावीत, की त्याचा अगदी मऊ कुंचला होई. मग एकेका दातावरून तो हळूहळू फिरवीत. मला त्या सावकाशपणाचा कंटाळा येई. मी विचारी, "आजोबा, एवढा वेळ कशाला?" ते म्हणत, "दात आपले आहेत रे, दगडाचे नाहीत."

पुढे वाचनात आले, की वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायात नेमका हाच विधी सांगितला आहे. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड आणि सरळ असावी. तिचे टोक मऊ करावे. तिची चव तुरट, तिखट वा कडू असावी. सकाळी आणि जेवणानंतर दात घासावेत. आणि हे करताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची नावे तेथे आली आहेत. आपण आज निसर्गोपचाराच्या नावाने झाडांची नावे तेवढी लक्षात ठेवली. टोक मऊ असावे आणि हिरडी दुखावू नये, हे मात्र विसरलो. मला आज जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच आहे. वस्तू निसर्गातून आली म्हणून ती सौम्य ठरत नाही. सौम्यता वस्तूत थोडी असते आणि ती वापरणाऱ्याच्या हातात व विवेकात अधिक असते.

आजोबांनी ब्रशला कधी हात लावला नाही. त्यांच्या तरुणपणी दात घासण्याचे ब्रश डुकराच्या केसांचे असत. जैन श्रावक ते तोंडात कसे घालणार? नायलॉनच्या तंतूंचा ब्रश १९३८ साली अमेरिकेत बाजारात आला आणि मग हळूहळू जगभर पसरला. म्हणजे आजोबांचा नकार त्यांच्या काळी पूर्णपणे योग्य होता. पण ज्या कारणासाठी तो होता, ते कारण पुढे उरले नाही. आम्ही कारण विसरलो आणि नकार तेवढा जपला. व्यापारात बंद झालेले खाते चालू समजून जो व्यवहार करतो, त्याचे काय होते, हे येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना सांगावयास नको.

आजोबांचे दात सत्तरीतही भाकरी चावण्याइतके बळकट होते. घरातील सर्वजण त्याचे श्रेय बाभळीला देत. मला मात्र आता वाटते, की श्रेय एकट्या बाभळीचे नव्हते. ते दिवसातून दोन वेळा जेवत. चहा घेत नसत. गोडधोड सणावारी. सूर्यास्तानंतर मुखात काही नाही. अशा माणसाने साध्या काडीने दात घासले तरी ते टिकतील. आपण दुकानात बसून दिवसाला सहा वेळा साखरेचा चहा घेणार, मधूनमधून बिस्किटे खाणार आणि सकाळी बाभळीची काडी फिरवून आजोबांसारख्या दातांची अपेक्षा करणार, हा हिशेब जुळणारा नाही.

दात किडतात कसे, हे दंतवैद्यांनी मला समजावले, ते मी माझ्या हिशेबी भाषेत सांगतो. दातांवर सूक्ष्म जंतूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. आपण खाल्लेल्या साखरेपासून व पिष्टमय पदार्थांपासून ते जंतू आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातील खनिजे विरघळविते. हा झाला खर्च. नंतर आपली लाळ ते आम्ल सौम्य करते आणि त्यातील खनिजे पुन्हा कवचात जमा होतात. ही झाली जमा. दिवसातून दोन-तीन वेळा खाल्ले, तर जमेला वेळ मिळतो. दर तासाला तोंड चालू राहिले, तर नुसता खर्चच होत राहतो आणि एक दिवस मुद्दलाला भोक पडते. झोपेत लाळ कमी सुटते. म्हणून रात्रीचे जेवण झाल्यावर दात न घासता झोपणे सर्वांत घातक. फ्लोराइड हे जमेच्या बाजूला मदत करणारे खनिज आहे. ते जमिनीत आणि पाण्यात निसर्गतःच असते. नावात 'वनौषधी' असलेल्या अनेक पेस्टमध्ये ते नसते. म्हणून वेष्टन वाचून घ्यावे. मात्र ते गिळावयाचे नसते. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी, असे दंतवैद्य सांगतात.

आता माझ्या दाढांकडे वळतो. तरुणपणी मी गोवऱ्यांची राखुंडी वापरीत असे. राख, थोडे जाडे मीठ आणि तर्जनीचा भरपूर जोर! जितके खसाखसा घासावे तितके स्वच्छ, अशी माझी समजूत होती. वीस वर्षांत हिरडीलगत दातांना खाचा पडल्या. थंड पाणी लागले की कळ मस्तकात जाई. बी.कॉम.ला आम्ही 'घसारा' शिकलो होतो. तो मी माझ्याच तोंडात दरसाल काढीत होतो हे मला कळले नाही. मी कापडाचा माणूस. रेशमी साडीवरील डाग वीट घेऊन घासा, असे मी कोणा गिऱ्हाइकाला सांगेन काय? साडी विरली तर दुसरी घेता येते. दाताचे कवच एकदा झिजले की शरीर ते पुन्हा बनवीत नाही. कोळशाचे काळे मंजन, विटेची पूड, जाडे मीठ यांचा दोष तोच. दात पांढरे करण्यासाठी लिंबू चोळणारेही आपल्यात आहेत. लिंबू निसर्गाचेच, पण त्याचे आम्ल थेट कवचावर उतरते.

पुढे वयाच्या पन्नाशीच्या सुमारास खालची दाढ दुखू लागली. ऐन लग्नसराई होती. दुकान सोडून कराडला जाण्यास सवड नव्हती आणि खरे सांगायचे तर भीतीही होती. कापसाच्या बोळ्याने लवंगेचे तेल लावले. दहा मिनिटांत दुखणे थांबले. मग काय, चार महिने लवंगेचे तेल हाच माझा दंतवैद्य! लवंगेतील युजेनॉल या द्रव्याने ठणका बधिर होतो, हे खरेच आहे. पण दुखणे ही शरीराने दिलेली नोटीस असते. नोटीस फाडून टाकली म्हणून देणे फिटत नाही. एके रात्री गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. ती दाढ काढावी लागली आणि तिच्या शेजारची आतून पोखरलेली होती, तीही गेली. दंतवैद्य म्हणाले, "चार महिन्यांपूर्वी आला असता, तर दोन्ही वाचल्या असत्या." दोष लवंगेचा नव्हता. तिने तिचे काम चोख केले होते. माझे काम मी केले नव्हते. लवंगेचे तेल रात्रीपुरते आहे. सकाळी वैद्याकडे जावयाचे आहे. शिवाय ते तसेच हिरडीला लागले तर हिरडी भाजते, हेही ध्यानात ठेवावे.

भगिनींनो, यापुढचा भाग सांगताना मला संकोच वाटतो. परंतु तो सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. आमच्या घरात कांदा-लसूण येत नसे. कंदमूळ वर्ज्य. पाणी गाळल्याशिवाय घागरीत जात नसे. आणि त्याच घरात, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, पितळेच्या एका लहान डबीत तंबाखू होती! आम्ही तिला तंबाखू म्हणत नसू. आम्ही तिला मशेरी म्हणत होतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर आईची दाढ ठणकू लागली आणि एका शेजारणीने मायेपोटी चिमूटभर मशेरी दिली. दाढ थांबली. पण मशेरी थांबली नाही. सकाळी एकदा, मग दुपारी, मग निजताना. ती घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके उतरत नाही, असे आई म्हणे. 'दात घासायची आहे, खायची थोडीच आहे?' असे तिचे उत्तर असे आणि आम्ही सुशिक्षित मुलेही ते मान्य करीत असू.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली की मशेरी होते. भाजल्याने तिचे विष जळून जाते अशी समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. निकोटीन उरतेच, म्हणून तर तिची सवय लागते; आणि जळण्यातून आणखी घातक द्रव्ये निर्माण होतात. ती हिरडीवर चोळली की थेट रक्तात उतरतात. भारत सरकारने ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने तंबाखू असलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांच्या निर्मितीस व विक्रीस बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. परंतु घरच्या तव्यावर जे भाजले जाते, तेथे कोणता निरीक्षक येणार? तेथे आपणच आपले निरीक्षक.

आईच्या दातांची कवळी करण्यासाठी आम्ही तिला दंतवैद्यांकडे नेले, तेव्हा खालच्या हिरडीच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. दुखत नव्हता, खुपत नव्हता; म्हणून कोणाला कळलाही नव्हता. दंतवैद्य शांतपणे म्हणाले, "आजी, ही पुढच्या मोठ्या आजाराची पायरी असू शकते. मशेरी आजपासून बंद." त्यांनी 'कर्करोग' हा शब्द तिच्यासमोर उच्चारला नाही, मला बाहेर बोलावून उच्चारला. त्या दिवशी कराडहून उंब्रजपर्यंतचा रस्ता मला फार लांब वाटला.

आईने घरी आल्यावर डबी माझ्या हातात दिली आणि पुढे साध्वीजी महाराजांसमोर आजन्म त्यागाचा नियम घेतला. पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले. डोके दुखे, चिडचिड होई, पोट साफ होत नसे, रात्री झोप नाही. सूनबाईंनी तिच्या हाताशी भाजलेली बडीशेप ठेवली, सकाळी कोमट पाणी द्यावयास सुरुवात केली. महिन्याभरात ती सावरली. दर तीन महिन्यांनी तपासणी होई आणि तो चट्टा हळूहळू फिका होत गेला. पुढे अनेक वर्षे ती आमच्यात होती. आमचे पुण्य बलवत्तर म्हणून चट्टा मागे फिरला. प्रत्येकीचा फिरतोच असे नाही. म्हणून मी हात जोडून विनवितो, की ज्या घरात अशी डबी आहे, तेथे आईला, आजीला, सुनेला रागावू नका. ती व्यसनी म्हणून नव्हे, दुखऱ्या दाढेपायी या मार्गाला लागली आहे. तिला दंतवैद्याकडे न्या. सोडताना मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनीवर सल्ला मिळतो. हीच गोष्ट सुपारीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. मुखवासाला धनाडाळ आहे, बडीशेप आहे. सुपारीवाचून आपले काही अडत नाही.

आता ज्यांना वनस्पतींचीच चूर्णे वापरावयाची आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. वज्रदंती म्हणजे आपल्या परसातील काटेरी कोरांटी. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विकोचा उद्योग सुरू केला आणि घरगुती दंतमंजनाची परंपरा डबीत भरून घरोघरी पोहोचविली, ही मराठी माणसाला अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु मंजन कोणतेही असो, ते वस्त्रगाळ असावे; चिमटीत धरून चोळले असता कचकच लागता कामा नये. आणि जैन म्हणून आणखी एक दक्षता. काही आयुर्वेदीय मंजनांत 'समुद्रफेन' असते. नाव ऐकून समुद्राचा फेस वाटतो. वस्तुतः ते माकुळाच्या जातीतील एका समुद्रजीवाच्या शरीरातील कवच होय. काही पेस्टमधील ग्लिसरीन किंवा कॅल्शियम प्राणिज असू शकते. खाद्यपदार्थांप्रमाणे प्रत्येक पेस्टवर हिरवा ठिपका असेलच असे नाही. म्हणून घटकांची यादी वाचा आणि शंका आल्यास उत्पादकाकडे लेखी विचारणा करा.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, "आपले मुनीमहाराज दात घासत नाहीत, मग आपण का घासावे?" दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन आहे, हे खरे. श्वेतांबर परंपरेच्या दशवैकालिक सूत्रातही साधूंना वर्ज्य असलेल्या गोष्टींत दंतप्रक्षालन आले आहे. परंतु तो देहाचे ममत्व आणि शोभा सोडलेल्यांचा आचार आहे. तो त्यांच्या संपूर्ण चर्येसह आहे. आपण त्यांची एकभुक्ती घेत नाही, रसत्याग घेत नाही, आणि नेमके दात न घासणे तेवढे उचलायचे म्हणतो! त्याला त्याग म्हणता येणार नाही. तो आळस होय.

उलट आपला श्रावकाचार दातांना अनुकूलच आहे. चोविहार करणाऱ्याने संध्याकाळच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वी, दोन मिनिटे शांतपणे दात घासले, की रात्रभर दातांना विश्रांतीच विश्रांती. दंतवैद्य जे 'रात्री झोपण्यापूर्वी' म्हणतात, त्याचा हेतू येथे साधतो. नवकारशी करणाऱ्याने सकाळचे घासणे पच्चक्खाण पारल्यानंतर करावे. ब्रश मऊ असावा. हिरडी व दात जेथे मिळतात तेथे तो तिरका धरावा, लहान लहान वर्तुळे काढावीत, जोर बोटांच्या टोकांचा असावा, मनगटाचा नसावा. आंबट खाल्ल्यावर लगेच घासू नये. चूळ भरून अर्धा तास थांबावे. नळ सोडून न ठेवता पेल्यात गाळलेले पाणी घ्यावे. त्यात अप्काय जीवांचीही जयणा होते. दातणच करावयाचे असेल, तर अष्टमी-चतुर्दशीला हिरवी फांदी तोडू नये आणि इतर दिवशीही टोक पूर्ण मऊ झाल्यावाचून ते दाताला लावू नये. तिळाच्या तेलाच्या गुळण्या, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा अवश्य कराव्यात; हिरड्यांना बरे वाटते. परंतु त्या घासण्याच्या सोबतीला आहेत, घासण्याच्या जागी नाहीत.

हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका. बहुधा अस्वच्छतेमुळेच ते येत असते. मधुमेह असणाऱ्यांनी तर हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. दोन आठवड्यांत बरे न होणारे तोंडातील व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, गालाची सूज यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय बाजूला ठेवून तपासणी करून घ्या. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, दात साफ करून घेतले की ते हलतात, या दोन्ही समजुतींना आधार नाही. आणि दवाखान्यासाठी आपल्याला फार दूरही जावे लागत नाही; कराड जवळ आहे आणि तेथे दंतमहाविद्यालयही आहे.

शेवटी ट्रस्टला एक नम्र सूचना. पाठशाळेत मुलांना प्रभावना म्हणून आपण चॉकलेट-गोळ्या वाटतो. मीही वाटल्या आहेत. माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी गोळ्यांची बरणी असे; ती मी बंद केली, तेथे आता शेंगदाणे-फुटाण्यांच्या पुड्या असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या तोंडात सर्वांत मागे पहिली कायमची दाढ येते. दुधाचा कोणताही दात न पडता ती येत असल्याने पुष्कळ आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि ती किडू देतात. ती एकदाच येते. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून वर्षातून दोनदा प्रभावना म्हणून लहान मऊ ब्रश द्यावा आणि वर्षातून एकदा सर्व मुलांची व ज्येष्ठांची दंततपासणी व्हावी. पहिल्या वर्षीच्या ब्रशांचा लाभ मला द्यावा, अशी विनंती मी आजच या व्यासपीठावरून करीत आहे.

दशलक्षण धर्मांत 'उत्तम मार्दव' आहे. त्याचा अर्थ मानकषायाचा त्याग. 'मला सर्व कळते, माझे जुने तेच चांगले' हा मानच माझ्या दोन दाढा घेऊन गेला. परजीवांविषयी आपण एवढी जयणा पाळतो. ती थोडी आपल्या हिरड्यांविषयीही पाळू या. आजोबांची काडी माझ्याकडे राहिली नाही, पण त्यांचा सावकाश हात मी आता उशिरा का होईना, शिकतो आहे.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!